नऊशे रुपयांची तपासणी आणि साडेपाच लाखांची वही

देवगड तालुक्यातल्या एका जोडप्याचं हे प्रकरण. दोघांच्या संमतीनं लिहिते आहे. नावं, वाडी आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. घरात तिला सगळे वहिनी म्हणतात, मीही वहिनीच म्हणेन. तिचा नवरा मला ताई म्हणतो, त्याला इथे भाऊ म्हणते. माझं काम दवाखान्याचं नाही. मोठ्या आजारपणात घरच्या खर्चाचं गणित मांडून देणं, कुठे काय विचारायचं ते सांगणं, एवढंच मी करते. जानेवारी २०२४ मध्ये ही दोघं माझ्याकडे आली तेव्हा लग्नाला साडेआठ वर्षं झाली होती. ती ३४ वर्षांची, तो ४० चा. कोल्हापुरातल्या एका केंद्रानं आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडणं, सुचवलं होतं आणि प्रश्न एकच होता: पैसे आणायचे कुठून?

वहिनीनं पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. हंगामात ती कॅनिंगच्या कारखान्यात आवक-जावक लिहिते, बचत गटाची सचिवही आहे, त्यामुळे हिशेब तिच्या हातात मुरलेला. वहीत २०१७ पासूनचा प्रत्येक रुपया होता: सोनोग्राफी, गोळ्या, एसटीचं तिकीट, नारळ, अगदी कणकवलीला खाल्लेली मिसळसुद्धा. पैशांची चणचण असलेली घरं मी खूप पाहिली आहेत, पण इतका नेटका पुरावा माझ्या हातात क्वचित येतो. पुढे जे लिहिते आहे ते या वहीवरून.

पहिली साडेचार वर्षं

लग्न मे २०१५ मध्ये. पहिली दोन वर्षं कोणी काही बोललं नाही. नंतर विहिरीवर, हळदीकुंकवाला, शिमग्यात पालखी घरी आली की, "काय गो, अजून गोड बातमी नाय?" हे सुरू झालं. २०१७ च्या पावसाळ्यात ती एकटीच जवळच्या शहरात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. एकटी हा शब्द महत्त्वाचा आहे. तिनं नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "माका काय झालाहा? तू जावन ये, मी कित्याक येव?"

एक वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांची तपासणी सुरू करायची, असा वैद्यकातला साधा नियम. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. दोघांची, हे त्या नियमातच आहे, कारण साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनं काही ना काही अडचण असते, कधी एकटी, कधी बाईच्या अडचणीच्या जोडीला. पण इथे तपासणी तिची एकटीचीच झाली. नऊ महिने बीजकोश वाढतोय का हे बघायच्या सोनोग्राफ्या आणि गोळ्या, २७,००० रुपये. गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे, ४,५०० रुपये, त्यात डावी नळी बंद दिसली. जानेवारी २०१९ मध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया, ५५,००० रुपये. आपल्याकडे नळी बंद होण्यामागे क्षयरोग असू शकतो, म्हणून तोही तपासला, तो निघाला नाही. उजवी नळी मोकळी, बीज दर महिन्याला सुटतंय, म्हणजे तिच्या बाजूनं रस्ता अर्धा तरी उघडा होता.

मग गर्भ का राहत नाही, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. फाईलमध्ये नवऱ्याच्या तपासणीची सूचना आहे, दोनदा, बारीक अक्षरात. ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. कोणी मुद्दाम लपवली असं मला वाटत नाही. तिनं ती वाचून मनात ठेवली, डॉक्टरांनी पुन्हा टोकलं नाही, आणि घरात तो विषय काढायचा म्हणजे सासूबाईंच्या तोंडाला तोंड देणं.

सासूबाईंचा मार्ग वेगळा होता. "आदी देवाक विचारूया." ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं झालं, कौल लावला, पाकळी उजवीकडून पडली. कौलाबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही, त्यातून तिला धीर मिळाला असं ती आजही सांगते, आणि गाऱ्हाण्यात तिचं नाव मोठ्यानं, मायेनं घेतलं गेलं ती त्या वर्षातली एकच वेळ होती. माझा राग घाटावरच्या त्या पुड्यांवर आहे. खात्रीशीर गुण, तीन महिन्यांत फरक, असं सांगून कोणी तरी दीड वर्ष पुड्या विकल्या. पुडीवर घटक नाही, पावती नाही. ३६,००० रुपये. प्रवासाचे आणि किरकोळ २२,००० धरून वहीच्या पहिल्या भागाची बेरीज १,४४,५०० होते.

यातच विम्याचा धडा आहे. बँकेतून घेतलेली कुटुंबाची आरोग्य पॉलिसी त्यांच्याकडे होती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा दावा त्यांनी केला, तो फेटाळला गेला. दवाखान्याच्या कागदावर कारण म्हणून वंध्यत्व लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या आरोग्य पॉलिसीत विमा नियामकानं ठरवून दिलेल्या अपवादांची यादी असते, त्यात सतरावा अपवाद वंध्यत्वाचा: त्यावरचे उपचार, आयव्हीएफ, सरोगसी, सगळं वगळलेलं. आयुष्मान भारत योजनेतही वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. म्हणजे पाच लाखांचं कार्ड खिशात असलं तरी या एका दुखण्यासाठी ते कोरा कागद. पॉलिसी देताना हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर, विचारलंही नव्हतं. लग्नानंतर पॉलिसी घेताना कोण विचारतं?

नऊशे रुपये

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. हंगामाचा शेवटचा आंबा झाडावर होता, तो खाली आला, सोबत सात कलमं मुळासकट आडवी झाली. त्या पावसाळ्यात घरात पैसा नव्हता, म्हणून दवाखानाही नव्हता. वहिनी म्हणते, लग्नानंतरचे ते तिचे सगळ्यांत शांत महिने होते.

नोव्हेंबरमध्ये मुंबईहून आलेल्या थोरल्या दिरांनी भावाला बागेत नेऊन सांगितलं की त्यांच्या ऑफिसातल्या दोघांनी ही तपासणी केली आहे, त्यात लाजायचं काही नाही. बायकोला चार वर्षांत जे सांगता आलं नाही ते दुसऱ्या पुरुषानं दहा मिनिटांत सांगितलं. मला हे आवडत नाही, पण असं होतं.

वीर्य तपासणी, ९०० रुपये. वहीतली ही ओळ मी दोनदा वाचली. मागची पानं उलटून पुन्हा वाचली. दीड लाखाच्या आसपास खर्च झाल्यावर नऊशे रुपयांची तपासणी.

भाऊनं मला नंतर सांगितलं की लाज हे अर्धंच कारण होतं. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. त्याच्या घरापासून कणकवली सव्वा तास, रस्ता मोकळा असला तर. म्हणजे नमुना तिथेच द्यावा लागतो. प्रयोगशाळेला वेगळी खोली नाही, जिन्याखालचा संडास आहे, बाहेर रक्त द्यायला आलेल्यांची रांग, त्यात गावातली दोन माणसं. तो पहिल्यांदा गेला आणि तसाच परत आला. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. शेवटी तपासणी कोल्हापुरात झाली, जिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं.

एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतली खालची मर्यादा. त्याचा आकडा ६० लाख आला, हालचालही मंद. एका अहवालावर कोणी निकाल देत नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून फेब्रुवारीत पुन्हा तपासणी, आकडा तेवढाच. मग तपासून आणि डॉपलर सोनोग्राफी करून कळलं की अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या आहेत. याला व्हेरिकोसील म्हणतात. मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या पुरुषांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त जणांत हे सापडतं आणि शस्त्रक्रियेनं बऱ्याच जणांचा आकडा सुधारतो.

डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितली. आणि विचारलं, फवारणी करताना तोंडाला काय बांधता? भाऊ म्हणाला, पंचा. पालवी आल्यापासून आंबा सुपारीएवढा होईपर्यंत तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी सहा-सात फवारण्या होतात, आणि कोकणातले बरेच बागायतदार त्या पंचा बांधूनच करतात. त्याचा आकडा कशानं उतरला हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यानं मास्क घेतला, तंबाखू मात्र दोन हप्त्यांत सोडली, एकदम नाही.

शस्त्रक्रिया मार्चमध्ये होऊ शकत होती. आंब्याच्या तोडणीत महिनाभर वजन उचलायचं नाही हे परवडणारं नव्हतं, म्हणून जून २०२२. खर्च ४८,००० रुपये. डिसेंबरमध्ये आकडा १.४ कोटी झाला. सहा महिने नैसर्गिक प्रयत्न, मग २०२३ मध्ये तीन वेळा आययूआय, म्हणजे धुऊन वेचलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, प्रत्येकी ११,०००. एक नळी उघडी आहे तोवर हा प्रयत्न रास्त होता. तिन्ही वेळा पाळी आली. तपासण्या आणि प्रवास धरून या दुसऱ्या भागाचे ९९,००० झाले.

इथे माझं मत नोंदवते. या दुसऱ्या भागातला एकही रुपया वाया गेला असं मी म्हणणार नाही. फळ मिळालं नाही, पण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर उभी होती. हीच पायरी २०१७ मध्ये चढली असती तर वहिनी २८ वर्षांची होती. पैसा पुन्हा जमवता येतो. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या बीजसाठ्याची एएमएच तपासणी झाली, १.१. वयाच्या मानानं कमीच. २८ व्या वर्षी किती होता ते कळायला आता मार्ग नाही, तेव्हा कोणी तो मोजलाच नव्हता.

पॅकेज

केंद्रानं आकडा दिला होता १,३५,०००. कागदावर रंगीत अक्षरात पॅकेज. दोघं तोच आकडा धरून चालली होती.

मी पहिलं काम केलं ते पैशाचं नव्हतं. २०२१ च्या कायद्यानंतर प्रजनन-साहाय्य देणाऱ्या प्रत्येक केंद्राला नोंदणी लागते, आणि नुसत्या आययूआयची परवानगी असलेलं केंद्र आयव्हीएफ करू शकत नाही. म्हणून नोंदणीचा क्रमांक आणि पातळी विचारून घ्या म्हटलं. ते नीट निघालं. वयाची अट, बाईला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५, त्यात अडचण नव्हती. मधल्या काळात कोणी तरी एका मध्यस्थाचा नंबर दिला होता, तो डोनरचं बोलत होता, खात्रीनं मूल, रोखीत पैसे. कायद्यानं शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच यावे लागतात, असा माणूस दारात उभा करू नका, एवढंच मी सांगितलं. एक नातेवाईक तर म्हणाले, एवढा पैसा भरताय तर मुलगाच करून घ्या. कायद्यानं तो गुन्हा आहे. वहिनीनं त्यांना चहा दिला आणि उत्तर दिलं नाही.

दुसरं काम म्हणजे पॅकेजमध्ये काय नाही याची यादी मागणं. पॅकेजचा कागद घेऊन कोणी माझ्याकडे आलं की मी आता हेच आधी विचारते. इंजेक्शनं त्यात नव्हती. भूल आणि रक्ततपासण्या नव्हत्या. गर्भ गोठवणं नव्हतं. गोठवलेला गर्भ नंतर सोडायचा तर तेही नव्हतं. केंद्रातल्या बाईंनी सगळं न चिडता सांगितलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. विचारल्यावर सांगितलं, एवढंच.

खरा खर्च पुढे असा झाला: पॅकेजचे १,३५,०००, इंजेक्शनांचे ७८,०००, भूल आणि तपासण्यांचे १७,०००, गोठवण्याचे पहिल्या वर्षासह २५,०००, गर्भ सोडण्याचे ४०,०००, कोल्हापुरातली खोली आणि प्रवास १९,०००. एकूण ३,१४,०००. रंगीत आकड्याच्या सव्वादोन पटींहून जास्त.

पैसे उभे करताना भाऊचा पहिला विचार पीककर्जाचा होता. मी नको म्हटलं. वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर महाराष्ट्रात शेतकऱ्याला व्याज पडत नाही, ते बागेचं औषधपाणी आहे. ते दवाखान्यात गेलं आणि परतफेड चुकली तर सवलत जाते आणि पुढच्या वर्षी फवारणीला पैसा उरत नाही. मग आंबाही नाही आणि पुढचा उपचारही नाही.

म्हणून मी सुचवलं की हंगाम होऊ द्या, जूनमध्ये आंब्याचे पैसे हातात घेऊन जा. त्यांच्या वाट्याला १,७५,००० येतील असा माझा अंदाज होता. आले ९०,०००. मोहोर दोनदा आला, पहिला गळला, दुसऱ्याची फळं उशिरा निघाली तेव्हा वाशीला भाव पडलेला. १.१ एएमएच असलेल्या बाईचे पाच महिने मी हिशेबाच्या वहीसाठी थांबवले. वहिनी म्हणते, तुमच्यामुळे काही झालं नाही ताई. डॉक्टरही म्हणाले की पाच महिन्यांनी फार फरक पडत नाही. असेल. मी मात्र त्यानंतर कोणाला हंगामासाठी थांबा असं सांगण्याआधी डॉक्टरांना विचारते.

उरलेल्यांपैकी पाटल्या आणि गोफ तारण ठेवून १,२०,०००, बचत गटातून ४०,०००, आणि वाशीच्या दलालाकडून पुढच्या हंगामाची उचल ६४,०००. उचल म्हणजे पुढच्या वर्षी पेट्या त्याच्याच गाळ्यावर पाठवायच्या, तो लावेल तो भाव. थोडक्यात, २०२५ चा आंबा २०२४ च्या जूनमध्ये विकला गेला.

मासळीची पेटी

६ जून २०२४ ला, पाळीच्या दुसऱ्या दिवशी, इंजेक्शनं सुरू झाली. ती २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. पावसाळा नुकताच लागला होता, आणि पाऊस लागला की आमच्याकडे वीज जाते, कधी दोन तास, कधी दोन दिवस. दुसऱ्याच रात्री गेली. पंधरा-वीस हजारांची औषधं फ्रिजमध्ये आणि फ्रिज बंद. भाऊ शेजारच्या होडीवाल्याकडून मासळीची थर्माकोलची पेटी आणि बर्फ घेऊन आला. वहिनीनं केंद्राला फोन लावला. बर्फावर सरळ ठेवू नका, गोठलं तर औषध फुकट, असं उत्तर आलं. मग खाली बर्फ, वर जुनी गोधडी, त्यावर प्लॅस्टिकचा डबा, डब्यात कुपी आणि एरवी दारावर टांगलेला असतो तो तापमापक. सासूबाई रात्री तीनदा उठून बघत होत्या. "बर्फाक टेकाक देव नको, ता गोठतला," असं स्वतःच मुलाला बजावत होत्या.

याच सासूबाई चार महिन्यांपूर्वी म्हणाल्या होत्या की टेस्ट ट्यूबचं मूल म्हणजे दुसऱ्याचं रक्त. तो गैरसमज मी काढला नाही, सासऱ्यांनी काढला. ते परळच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतरही काही वर्षं तिथेच मिळेल ते काम करत राहिले. ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून केईएममध्ये टेस्ट ट्यूबची मुलगी जन्मली, ते हाकेच्या अंतरावर. "आमी तेव्हा परळाक होतो. चाळीत त्याचाच बोलणा होता. आवस-बापूस तेचेच, फक्त गाठ बाहेर घातली," असं त्यांनी बायकोला सांगितलं. गाठ बाहेर घातली. इतक्या कमी शब्दांत मला कधी सांगता आलेलं नाही.

पहिली पाच इंजेक्शनं गावातल्या परिचारिकेनं दिली. ११ जूनपासून मुक्काम कोल्हापुरात, कारण आता एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. फोंडा घाटात झाड पडलं तर अख्खा दिवस जातो, आणि इथे दिवस नाही, तास मोजायचे असतात: शेवटचं ट्रिगर इंजेक्शन आणि बीज काढणं यांत साधारण ३५-३६ तासच हवेत. १५ जूनच्या रात्री साडेदहाला इंजेक्शन, १७ ला सकाळी बीज काढली. सात निघाली. पाच पक्व. प्रत्येकात एक शुक्राणू सुईनं सोडला, चार फळली. पाचव्या दिवसापर्यंत दोन टिकली. २२ जूनला ती दोन्ही गोठवली, कारण त्या महिन्यात तिची संप्रेरकं गर्भ सोडायला अनुकूल नव्हती.

सात, पाच, चार, दोन. भाऊ म्हणाला, मोहोर किती येतो आणि पेटीत किती जातं, तसंच हे. बागायतदाराला ही गळती समजावावी लागत नाही.

ऑगस्टच्या मध्याला एक गर्भ सोडला. तीन जोडप्यांत एकाला यश, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. महिनाअखेरीस रक्ततपासणी झाली, निकाल नकारार्थी. सात सप्टेंबरला गणपती. घरात मुंबईचे चौदा चाकरमानी, मोदकांचं पुरण, भजनाच्या रात्री, आणि दर तासाला कोणी तरी विचारणार. या वेळी उत्तर भाऊनं दिलं. आरतीनंतर सगळ्यांसमोर म्हणाला, तपासणीत दोष माझ्यात निघालाय, तिच्यात नाही, पुढचं काय असेल ते आम्ही सांगू, तोवर तिला विचारू नका. पूर्ण खरं बघितलं तर एक नळी तिचीही बंद होती. वहिनीनं ते दुरुस्त केलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं ऋषीपंचमीची भाजी बायकांच्या घोळक्यात बसून चिरली.

आता कुठे आहे

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघांनी वही पुढे घेऊन एक गोष्ट लिहिली: थांबायचं कुठे. आतापर्यंत ५,५७,५०० गेले होते. एक गर्भ गोठलेला शिल्लक. कायद्यानं तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, पण केंद्र दर वर्षी २२ जूनला १२,००० घेणार. ठरलं ते असं की हा एक गर्भ सोडायचा, त्यासाठी जास्तीत जास्त ६०,०००, आणि तो टिकला नाही तर नवीन इंजेक्शनं नाहीत. दत्तकासाठी केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, त्यात वाट बघावी लागते हे माहीत असून. दत्तकाला भाऊ लगेच तयार झाला. वहिनी नाही. ती म्हणाली, मला आधी हे एक संपू दे. मी दोघांपैकी कोणालाही समजवायला गेले नाही.

२०२५ चा हंगाम बरा होता. एप्रिलअखेर दलालाची उचल फिटली, गटाचं कर्जही. पाटल्या अजून बँकेत. मेच्या शेवटी कॅनिंगला जाणाऱ्या आंब्यावर त्यांची भिस्त होती, पण २० तारखेपासून पाऊस झोडपायला लागला आणि २५ मे ला मान्सून थेट देवगडात येऊन बसला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. झाडावरचा माल भिजून गेला. हातात राहिले ४८,०००.

गर्भ सोडण्याचे ४०,०००, प्रवासाचे ५,०००. त्यात वर्षाच्या नूतनीकरणाचे १२,००० धरले तर पैसे पुरत नाहीत. वहिनीनं स्वतः केंद्राला फोन करून विचारलं: २२ जूनच्या आत गर्भ सोडला तर नूतनीकरण भरावं लागेल का? नाही, असं उत्तर आलं. ते तिनं त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घेतलं, हे मी शिकवलं नव्हतं.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू होते, अठरा-एकोणीस दिवस लागतात. म्हणजे १ किंवा २ जूनला पाळी आली तर २० च्या आसपास गर्भ सोडता येईल, चार तारखेच्या पुढे गेली तर १२,००० आणखी. २९ मे ला रात्री तिचा फोन आला. बाहेर पावसाचा आवाज एवढा की ती ओरडून बोलत होती.

"ताई, धा वर्षां पाळी येव नये म्हणान देवाक सांगलंय. आता वेळेर येव दे म्हणान सांगतंय."

मागून भाऊ विचारत होता, होडीवाल्याकडची पेटी आतापासूनच आणून ठेवू का? या वेळी इंजेक्शनं फारशी नाहीत, गोळ्याच आहेत, त्यांना बर्फ लागत नाही. तरी आणून ठेव, असं ती त्याला म्हणाली.